मानोस्कचा उन्हाळा आणि घरचे मेहमान

फ्रान्सचं नाव काढलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पॅरिस येतं. आम्ही राहतो ते मानोस्क पॅरिसपासून खूप लांब, दक्षिणेला प्रोव्हान्स प्रांतात आहे. एका अंगाला लुबेरोंचे डोंगर, दुसऱ्या अंगाला द्युरॉन्स नदी, मधल्या उतारांवर ऑलिव्हच्या बागा आणि मधोमध लाल कौलांचं जुनं गाव. वस्ती बावीस हजारांच्या आसपास. आमच्यासारख्या चिपळूणकडच्या माणसांना हा आकार परका वाटत नाही. बाजारात गेलं की दोन-चार ओळखीचे चेहरे भेटतातच, आणि भेटले की पाच मिनिटं उभं राहून बोलावंच लागतं.

एवढ्या आडबाजूच्या गावात भारतीय कुटुंबं कशी, असं वाचकांना वाटेल. गावापासून वीसेक किलोमीटरवर काडाराश इथे 'इटर' हा मोठा प्रयोग उभा राहतो आहे. सूर्यात अणू एकमेकांत मिसळून जशी ऊर्जा तयार होते, तशी ती जमिनीवर मिळवता येईल का, हे पाहण्यासाठी भारत, युरोपीय संघ, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका या सात भागीदारांनी २००६ साली करार केला. त्या यंत्राला बाहेरून वेढणारं ३,८५० टनांचं पोलादी पात्र भारताच्या वाट्याचं. त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले आणि समुद्रमार्गे इथे आले. त्या कामाबरोबर माणसंही आली आणि त्यांच्या मुलांसाठी मानोस्कमध्ये आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. आम्ही त्यांतलेच एक.

इथे जून उजाडला की प्रत्येक घरात पाहुण्यांची बोलणी सुरू होतात. फ्रेंच शेजाऱ्यांकडे उत्तरेकडून लेकी-जावई आणि नातवंडं येतात. मोरोक्को-अल्जीरियाच्या कुटुंबांत उलटं होतं, ते गाडी भरभरून आपल्या मुलखाला जातात, किंवा तिकडची माणसं इकडे येतात. आमच्याकडे चिपळूणहून अम्मी-अब्बा येतात, कधी मुंबईची भाभी मुलांना घेऊन येते. त्यामुळे उन्हाळाभर पाहुणचार म्हणजे काय, हे आम्ही तीन-चार वेगवेगळ्या रीतींनी बघत असतो.

इथला पाहुणचार सुरू होतो तो नगरपालिकेत. नगरपालिकेला फ्रेंचमध्ये 'मेरी' म्हणतात, त्यावर आमच्या घरी पुष्कळ विनोद झाले आहेत. परदेशातल्या नातेवाइकाला तीन महिन्यांपर्यंत स्वतःच्या घरी ठेवायचं असेल तर यजमानाने तिथे जाऊन एक दाखला काढावा लागतो. घर स्वतःचं की भाड्याचं, क्षेत्रफळ किती, खोल्या किती, राहणारे किती, महिन्याची कमाई किती, सगळं कागदांनिशी दाखवायचं. तीस युरोचं तिकीट लावायचं. पाहुण्याचं नाव आणि येण्या-जाण्याच्या तारखा लिहायच्या. पाहुण्याकडचे पैसे संपले तर त्याच्या राहण्याचा खर्च आपण करू, अशी हमी द्यायची. मग महापौरांच्या वतीने सही होते आणि तो मूळ कागद व्हिसासाठी भारतात पाठवायचा. शिवाय पाहुण्याचा किमान तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतो.

अब्बांना हा सारा प्रकार पहिल्यांदा ऐकून मौज वाटली. "आपल्याकडे मेहमान आला की कोणी घर मोजत नाही," असं ते म्हणाले. खरंच आहे. कोकणातल्या घरात लग्नसराईला पडवीत, माळ्यावर, ओटीवर माणसं झोपतात आणि कोणाला त्याची अडचण वाटत नाही. पण त्या कागदाने एक गोष्ट होते. कोण येणार, कोणत्या दिवशी येणार, किती दिवस राहणार, कुठल्या खोलीत झोपणार, हे घरात आधीच बोललं जातं. आपल्याकडे हे विचारणं म्हणजे पाहुणा नकोसा झाला असा अर्थ निघतो. खरं तर हदीसमध्येही मेहमाननवाजीची मुदत तीन दिवसांची सांगितली आहे, त्यापुढचं ते सदका. यजमान अडचणीत येईल इतका मुक्काम करू नये, हेही पाहुण्याला बजावलं आहे. हिशोबाचं हे बोलणं आपल्या दीनमध्ये आहे, रिवाजात मात्र ते मागे पडलं.

पाहुणे आले की पहिला धडा खिडकीचा. चिपळूणचा उकाडा दमट असतो. तिथे घाम वाळायला वारा लागतो, म्हणून दुपारी दारं-खिडक्या सताड उघडी. मानोस्कची हवा कोरडी. जुलैत दुपारी बत्तीस-तेहतीस अंश नेहमीचे, पण गाव समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या वर असल्याने रात्री हवा चांगली गार होते. जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड असतात आणि रात्रीचा गारवा त्या धरून ठेवतात. तो टिकवायचा तर सकाळी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम होण्याआधी काचा लावायच्या आणि बाहेरून लाकडी झडपा ओढून घ्यायच्या. या झडपांना 'व्होले' म्हणतात. त्या संध्याकाळी उशिरा, सूर्य कलल्यावरच उघडायच्या. बहुतेक घरांत वातानुकूलन नाही, ही झडपच त्याचं काम करते.

अम्मीला दिवसाढवळ्या अंधारलेलं घर पटेना. "घरात कोणी वारलंय का?" म्हणून तिने विचारलं. मग एक दिवस आम्ही दोन खोल्यांमध्ये दोन साधे तापमापक ठेवले. एका खोलीची झडप उघडी, दुसरीची बंद. दुपारी चार वाजता दोन्हींमध्ये पाच अंशांचा फरक होता. त्या दिवसापासून सकाळी नऊ वाजता घरभर फिरून झडपा लावायचं काम अम्मीने स्वतःकडे घेतलं, आणि कोणी विसरून खिडकी उघडली तर तिचा आवाज पहिला येऊ लागला.

दुसरा धडा घड्याळाचा. जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. फज्र पहाटे चार-साडेचारला, जुहर पावणेदोनला, मगरिब साडेनऊच्या आत-बाहेर आणि इशा अकराच्या आसपास. दिवस एवढा लांब आणि रात्र एवढी तोकडी की दुपारी झोप घेतली नाही तर माणूस टिकत नाही. गावाचाही तोच क्रम आहे. बारा वाजता दुकानांची दारं बंद होतात ती अडीच-तीनला, काही तर चारला उघडतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. फक्त झाडांवरचे सिगाल नावाचे किडे उन्हाबरोबर किर्र आवाज करत राहतात. अब्बा याला 'सगळ्या गावाचा कैलूला' म्हणतात. दुपारची ही सुन्नत झोप आपल्याकडे शहरांत नोकरीच्या वेळांनी घालवली. इथे कोणी ती धर्म म्हणून पाळत नाही, उन्हाने ती पाळायला लावली आहे.

म्हणून पाहुण्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की कामं सकाळी करायची, जेवून झोपायचं आणि गाव बघायचं ते संध्याकाळी सातनंतर. त्या वेळी चौकांतल्या चिनार झाडांखाली म्हातारी माणसं लोखंडी गोळे घेऊन पेतांक खेळायला जमतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मार्सेयजवळच्या ला सिओता गावात हा खेळ जन्मला. संधिवातामुळे ज्याला धावता येत नव्हतं अशा एका खेळाडूसाठी पाय एका जागी रोवून गोळा टाकायचा नियम झाला, असं सांगतात. अब्बांचेही गुडघे दुखतात. फ्रेंचचा एक शब्द येत नसताना ते त्या घोळक्यात उभे राहू लागले, आणि आठवडाभरात कोणाचा गोळा जवळ पडला हे मोजायला दोरी त्यांच्या हातात आली.

शनिवारी सकाळी आठवडी बाजार भरतो. जुन्या गावाच्या गल्ल्यांतून आणि चौकांतून भाजीवाले, फळवाले, मधवाले, कापडवाले बसतात. जर्दाळू, पीच, खरबूज, टोमॅटो, दुधी भोपळ्याच्या नात्यातली कूर्जेत, लसणाच्या माळा, आणि तुळशीच्या नात्यातली बेसिल नावाची सुवासिक पानं. खरबूज विकणारा आधी विचारतो, आज दुपारी खाणार, की रात्री, की उद्या? त्याप्रमाणे देठ बघून आणि वास घेऊन तो फळ काढून देतो. आंबा असाच वास घेऊन निवडायची सवय असलेल्या अम्मीला हा माणूस एकदम आपला वाटला. दोघांची भाषा वेगळी, पण देठाशी नाक नेण्याची पद्धत तीच.

त्या बाजारातूनच उन्हाळ्यातलं इथलं घरगुती जेवण बनतं. पिस्तूचं सूप हा त्यातला मुख्य पदार्थ. ताज्या शेंगांतले पांढरे आणि लाल दाणे, हिरव्या शेंगा, कूर्जेत, बटाटा, टोमॅटो आणि थोडी बारीक शेवई एकत्र शिजवायची. लसूण आणि बेसिलची पानं खलबत्त्यात कुटून त्यात ऑलिव्ह तेल घालायचं, आणि तो हिरवा वाटा शेवटी, विस्तव बंद केल्यावर सुपात मिसळायचा. उकळलं तर पानांचा वास उडतो. हे सूप गरम खातात, कोमट खातात, दुसऱ्या दिवशी गारही खातात. बाहेर विकत घेतलं तर काही वेळा त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून विचारून घ्यावं लागतं. घरी केलेलं मात्र आपल्या दस्तरखानावर बिनघोर चालतं. गावात माघरेबी कुटुंबं असल्याने हलाल मांसही मिळतं आणि कोथिंबीर-पुदिनाही.

फ्रेंच घरी बोलावणं आलं तर बहुतेक वेळा ते 'आपेरो'चं असतं. संध्याकाळी सात-साडेसातला अंगणात बसायचं, काही प्यायचं, ऑलिव्ह, भाजलेले बदाम, पावावर लावलेलं ऑलिव्हचं वाटण असं थोडंथोडं खायचं आणि गप्पा मारायच्या. दिलेल्या वेळेआधी जायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं उशिरा जाणं हा शिष्टाचार समजतात, कारण घरातल्या माणसाला तेवढी सवड मिळते. मोठ्यांच्या हातात सहसा दारू असते, पण आम्ही पीत नाही हे एकदा सांगितलं की पुन्हा आग्रह होत नाही. लहान मुलांसाठी ठेवलेली सरबतं काढली जातात. पुदिन्याचं हिरवं, डाळिंबाच्या नावाचं लाल, आणि बदामाचं दुधाळ 'ओर्झा'. हे ओर्झा अब्बांनी प्यायलं आणि म्हणाले, हे तर आपलं बदाम शरबत. तेव्हापासून आमच्या शेजारच्या घरी आम्ही येणार म्हटलं की ओर्झाची बाटली बाहेर येते.

भेटल्यावर गालाला गाल लावण्याची इथली रीत आपल्या पाहुण्यांना, विशेषतः बायकांना, अवघड वाटते. अम्मी उजवा हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवते आणि हसते. एकदाही कोणाचं तोंड वाकडं झालेलं आम्ही पाहिलं नाही. माघरेबी लोक तसंच करत असल्याने गावाला ती खूण माहीत आहे.

त्या माघरेबी घरांचा पाहुणचार मात्र थेट आपल्या अंगाचा. वेळ ठरवून गेलं तरी जेवल्याशिवाय सुटका नाही. जुम्म्याच्या दिवशी कुसकुसचं मोठं ताट मधोमध ठेवतात आणि प्रत्येकाने आपल्या पुढ्यातलं खायचं. घरची बाई मांसाचा चांगला तुकडा पाहुण्याच्या बाजूला सरकवत राहते. नंतर पुदिना घातलेला हिरवा चहा उंचावरून पेल्यात ओततात. मोरोक्कोतून आलेल्या एका आजीला आणि अम्मीला सामायिक शब्द म्हणजे सलाम, बिस्मिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह आणि इन्शाअल्लाह. एवढ्या भांडवलावर दोघी दोन-दोन तास बसतात.

मेहमान आले म्हणजे त्यांना फिरवणं आलंच. वीसेक किलोमीटरवरच्या व्हालांसोलच्या पठारावर जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत लॅव्हेंडरच्या जांभळ्या रांगा दिसतात. नंतर कापणी होते. ही शेतं खासगी आहेत आणि त्यांच्यावर शेतकऱ्यांचं पोट आहे, हे फोटो काढणारे विसरतात. आम्ही पहाटे फज्रनंतर निघतो, रस्त्याच्या कडेने बघतो, तोडत काही नाही, आणि मधमाश्या कामाला लागायच्या आत परततो. तिथून पुढे सांत-क्रुआचा विस्तीर्ण निळा तलाव आहे. १९७० च्या दशकात व्हर्दों नदीवर धरण बांधून तो झाला, आणि ले साल नावाचं जुनं गाव त्याच्या पोटात गेलं. गावकऱ्यांसाठी वरच्या अंगाला त्याच नावाचं नवं गाव वसवलं. पर्यटक पाण्यात होड्या चालवत असतात. अब्बा मात्र काठावर बराच वेळ गप्प उभे होते. कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीतून चिपळूणला येतं, आणि त्या धरणाखाली ज्यांची गावं गेली अशी माणसं त्यांनी पाहिली आहेत. "इथल्यांना नवं गाव तरी जुन्याच्या जवळ मिळालं," एवढंच ते म्हणाले.

बाहेर पडताना काही नियम पाहुण्यांना आधीच सांगावे लागतात. चेहरा पूर्ण झाकून सार्वजनिक ठिकाणी फिरायला २०११ पासून कायद्याने बंदी आहे, डोक्यावरच्या ओढणीला रस्त्यावर ती नाही. नगरपालिकांच्या तरणतलावांत पोशाखाचे नियम कडक असतात. पुरुषांची सैल अर्धी चड्डीही तिथे चालत नाही आणि बायकांचा अंगभर पोहण्याचा पोशाखही बहुतेक ठिकाणी चालत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या काही गावांनी किनाऱ्यावरही अशी बंदी घातली होती. त्यांतल्या एका गावाचा हुकूम २६ ऑगस्टला देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केला. म्हणून आमच्या बायका-मुली तलावाच्या मोकळ्या काठावर सकाळी लवकर पाण्यात उतरतात. आणखी एक गोष्ट जंगलाची. वणव्याचा धोका वाढला की दक्षिणेतल्या अनेक जिल्ह्यांत त्या-त्या दिवशी डोंगरात जायला मनाई होते. सहलीला निघण्याआधी नकाशा बघायचा, आणि झाडीत चूल किंवा शेगडी पेटवायची नाही.

मानोस्कची एक जुनी दंतकथा पाहुण्यांबद्दलच आहे. १५१६ साली राजा फ्रान्स्वा पहिला गावात आला. रिवाजाप्रमाणे नगरप्रमुखाच्या तरुण मुलीने गावाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. राजाची नजर तिच्यावर खिळली. पाहुणा राजा, त्याला नाही कोण म्हणणार? मुलीने घरी जाऊन जळत्या गंधकाच्या धुराने आपला चेहरा विद्रूप करून घेतला. तेव्हापासून गावाला 'लज्जाशील मानोस्क' असं बिरुद मिळालं, असं सांगतात. गावकरी ही कथा अभिमानाने सांगतात. आमच्या भाभीने ती ऐकून विचारलं, की किंमत त्या मुलीने का मोजली, अदब तर पाहुण्याची चुकली होती. आम्हांला तिचं म्हणणं पटलं. यजमानाच्या कर्तव्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो, पाहुण्याच्या नजरेविषयी आणि जिभेविषयी कमी.

आता उन्हाळ्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची जी लाट आली, तीत सुमारे पंधरा हजार माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली. त्यांत म्हातारी माणसं फार होती, आणि पुष्कळजण घरात एकटे होते. ऑगस्ट हा सुट्टीचा महिना. मुलं गावाबाहेर, डॉक्टर सुट्टीवर, शेजाऱ्यांच्या झडपा बंद. कोण आत आहे आणि कोण नाही, हे बाहेरून कळत नव्हतं. त्यानंतर देशाने नियम केले. प्रत्येक नगरपालिकेने एकट्या वृद्धांची आणि अपंगांची नोंदवही ठेवायची, आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस करायची. हवामान खातं हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत जिल्ह्यांना इशारा देतं. पण नोंदवहीत नाव घालणं ऐच्छिक आहे. ज्याला आपण म्हातारे झालो हे मान्यच नाही, त्याचं नाव तिथे येत नाही. लाटा मात्र येतच राहतात. २८ जून २०१९ रोजी आमच्या पश्चिमेला एरो जिल्ह्यातल्या व्हेरार्ग गावात ४६ अंशांची नोंद झाली, आजवरची देशातली सर्वांत जास्त.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मादाम राहतात. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या, ताठ कण्याच्या. त्यांचा मुलगा लांब उत्तरेला असतो. नोंदवहीचा विषय काढला की त्या म्हणत, ते म्हाताऱ्यांसाठी आहे. अम्मी आली त्या उन्हाळ्यात नारिंगी इशारा लागला आणि पाच दिवस पारा अडतीसच्या खाली आला नाही. पहिल्या दिवशी अम्मीने आम्हांला विचारलं, खालच्या बाईंच्या झडपा कालपासून तशाच आहेत, रात्रीही उघडल्या नाहीत, त्या बऱ्या आहेत ना? दिवसा बंद झडप म्हणजे शहाणपणा. रात्रीही बंद राहिली तर विचारायला हवं. सकाळ-संध्याकाळ घरभर झडपा लावणाऱ्या आणि उघडणाऱ्या अम्मीच्याच ते लक्षात आलं.

आम्ही खाली जाऊन दार वाजवलं. बऱ्याच वेळाने मादामनी उघडलं. चेहरा ओढलेला, ओठ कोरडे. भूक नाही, तहान नाही, जरा झोप येते, एवढंच त्या सांगत होत्या. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून अशा वेळी 'तहान नाही' हे उत्तर धोक्याचं असतं. आपत्कालीन क्रमांक १५ वर फोन केला. त्यांनी प्रश्न विचारले, डॉक्टर येऊन बघून गेला, दवाखान्यात हलवावं लागलं नाही. थोडंथोडं पाणी, ओली फडकी, रात्री झडपा उघडणं आणि कोणीतरी लक्ष ठेवणं, हा इलाज.

लक्ष ठेवणारं कोण? आम्ही दोघं दिवसभर कामावर. अम्मीने कोणाला विचारलं नाही. पुढचे चार दिवस ती तांब्यात लिंबू, साखर आणि मीठ घातलेलं पाणी घेऊन दर दोन तासांनी खाली जात होती. जुहरच्या आधी एकदा, असरनंतर एकदा, मगरिबला एकदा. मादाम फ्रेंचमध्ये तक्रार करत, अम्मी कोकणी बोलीत दटावत असे, आणि पेला रिकामा होईपर्यंत उठत नसे. पाचव्या दिवशी मादाम स्वतः जिना चढून वर आल्या. हातात वाटीभर जर्दाळूचा मुरांबा होता.

फ्रेंच भाषेत 'ओत' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. कोण कोणाचं, हे वाक्यावरून ओळखायचं. ज्या घरात महापौरांच्या दाखल्यावर, विम्यावर, ठरलेल्या तारखांना अम्मी पाहुणी म्हणून आली होती, त्याच इमारतीत चार दिवस ती यजमान होती. आणि जिचा जन्म याच गावातला, ती बाई तिची मेहमान. मादामनी नंतर मुलाला सांगून नोंदवहीत नाव घातलं. मुलाचा आम्हांला फोन आला. त्याला 'आभारी आहे' याच्या पुढे बोलता येत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, तुमची आई पुढच्या वर्षी येणार आहे का?

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं आता परदेशी आहेत, आणि आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. परतल्यावर त्यांतले बरेच म्हणतात की घर सुंदर होतं, पण आम्ही दिवसभर टीव्हीसमोर बसून होतो. त्यांना प्रेक्षणीय स्थळं तर जरूर दाखवावीत. पण पहिल्याच आठवड्यात बाजाराचा रस्ता, बसचा क्रमांक, म्हाताऱ्यांची बसायची जागा आणि शेजारचं दार हेही दाखवावं. घरातलं एखादं रोजचं काम त्यांच्या हाती द्यावं. आमच्याकडे ते झडपांचं काम आहे. अम्मी चिपळूणला असली तरी जुलैत सकाळी तिचा फोन येतो, तेव्हा इथे नऊ वाजलेले असतात. ती आधी सलाम करते, मग विचारते, खिडक्या लावल्यात का, आणि खालच्या बाईंनी रात्री उघडल्या होत्या का.